सावलीवनाची मोजणी

झाडाच्या खोडात पोकळ सुई फिरवताना सानिका थिटेचा हात एरवी अडखळत नसे. गेल्या काही महिन्यांत सावलीवनातल्या शेकडो झाडांना तिने अशी भोकं पाडली होती, पेन्सिलीतल्या शिशाएवढी लाकडाची काडी बाहेर काढली होती आणि भोक मेणाने बुजवून ती पुढच्या झाडाकडे गेली होती. आज मात्र तिची आई शेजारी उभी होती आणि समोरचा कडुनिंब तिच्या वडिलांचा होता.

"हळू घे गं," शालनबाई म्हणाल्या. "दुखंल."

झाडाला की बाबांना, हे सानिकाने विचारलं नाही. काडी बाहेर आली. तिच्यावर चौदा वर्षांची वलयं सुतासारखी बारीक उमटलेली होती. तिने ती यंत्राच्या खोबणीत ठेवली आणि झाकण लावलं.

सोलापूरच्या माणसाला तो उन्हाळा सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यासाठी सांगायलाच हवा. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यात रात्रीसुद्धा हवा निवेना, वीज गेली ती गेलीच, आणि घाम येऊनही अंग गार होईना. पत्र्याच्या खोल्यांत यंत्रमाग चालवणारे, म्हातारे, लहान मुलं, बाळंतिणी, माणसं पटापट गेली. दहनं झाली, पण रक्षा सोडायची कुठे? भीमेच्या पात्रात पाण्याचा टिपूस नव्हता. कोरड्या वाळूत आपल्या माणसाची रक्षा उपडी करून यायचं कुणाच्याच मनाला येईना. मग हैदराबाद रस्त्यालगतच्या पडीक रानात लोकांनी खड्डे खणले, त्यात रक्षा घातली आणि वर रोप लावलं. उन्हाने मेलेल्या माणसाला निदान सावली मिळावी, एवढाच त्यामागे विचार. भांडी घासलेलं पाणी कॅनमध्ये भरून दोन-दोन मैल आणून लोकांनी ती रोपं जगवली. आता तिथे कडुनिंब, करंज, चिंच आणि वडांचं दाट वन झालं होतं, आणि त्याला सावलीवन हे नाव कुणी न ठेवता पडलं होतं.

आणि आता त्याच वनाला खेटून विमानतळाचा सहापदरी रस्ता आला होता. रस्ता आला की जमिनीला जीभ फुटते. 'अवनी भूविकास' नावाच्या कंपनीला तिथे पाच मजली वस्त्रसंकुल बांधायचं होतं.

यंत्राचा दिवा लागला. आत लेझरची ठिणगी त्या काडीवरून वलया-वलयाने सरकत होती आणि उडालेली वाफ मोजली जात होती. या यंत्राला लांबलचक तांत्रिक नाव होतं, पण झाडाची नस बघतं म्हणून लोक त्याला 'नाडी' म्हणत. थोड्या वेळाने पडद्यावर ओळ उमटली: मानवी अवशेष आढळले नाहीत.

सानिकाने पडदा हाताने झाकला. उशीर झाला होता. शालनबाई आयुष्यभर बालवाडीत अक्षरं शिकवत आल्या होत्या, त्यांनी ती ओळ एका नजरेत वाचली.

"म्हणजे तुझे बाबा इथं न्हाईत?"

"आई, परत करून बघते."

परत केलं. एका फांदीतून, मग मुळाजवळून. उत्तर तेच आलं. शालनबाई कट्ट्यावर बसल्या. त्या दिवसांत स्मशानात रांगा होत्या. कुणाची राख कुणाच्या हाती पडली असेल, ही धास्ती त्यांच्या मनात चौदा वर्षं होती आणि त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. आता ती खरी ठरली असं त्यांना वाटलं.

"मग इतकी वर्षं मी कुणाला पाणी घातलं गं?" त्या म्हणाल्या.

सानिकाला रडू आलं. ती परत यंत्राकडे वळली, कारण रडायला यंत्राआड तेवढीच जागा होती.

*

नाडी कशी चालते ते सांगायला सोपं आहे. हाडांत आणि दातांत कॅल्शियम असतं. कॅल्शियमचा एक चुलतभाऊ आहे, स्ट्रॉन्शियम. शरीर त्याला कॅल्शियमच समजतं आणि हाडांत बसवून टाकतं. हा स्ट्रॉन्शियम जड आणि हलका, अशा प्रकारांत येतो आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खडकाखडकाला वेगळं असतं. जुन्या ग्रॅनाइटात रुबिडियम फार, ते कोट्यवधी वर्षं झिजत झिजत जड स्ट्रॉन्शियम होतं. म्हणून तेलंगणातल्या ग्रॅनाइटावर हे प्रमाण जास्त भरतं. दख्खनचा काळा बेसॉल्ट त्या मानाने तरुण, त्यामुळे तिथे कमी. खडकाची माती होते, मातीतून पिकात, पिकातून माणसात. लहानपणी ज्या जमिनीचं खाल्लं-प्यालं, तिची मोहोर दातांत आणि कानामागच्या टणक हाडात जन्मभर राहते. चितेची आगसुद्धा ती पुसू शकत नाही. रक्षेवर झाड लावलं की मुळं ती मोहोर शोषून वलयांत साठवतात. आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं प्रमाण वलयात सापडलं, की नाडी म्हणते, इथे माणूस आहे.

कुणी विचारेल, राखेतला फॉस्फरस का नाही मोजला? कारण रोपं जगेनात तेव्हा लोकांनी पहिली तीन-चार वर्षं सगळ्या रानाला हाडांचं खत घातलं होतं. रान फॉस्फरसने भरलं होतं. प्रेमापोटी केलेली ती गोष्ट आता पुरावा बुजवून बसली होती.

आणि पुराव्याला आता किंमत आली होती. नव्या स्मृतिभूमी कायद्यात साधी अट होती: ज्या झाडाखाली नाडीने अवशेष सिद्ध केले, त्या झाडाचं कुटुंब त्या जमिनीचं वारस. सगळ्या वारसांनी संमती दिली तर जमीन मोकळी, एकानेही नाकारली तर ती स्मृतिभूमी म्हणून कायमची राखीव. ज्या झाडाखाली काही सिद्ध झालं नाही, ते नुसतं झाड. त्याच्या माणसांना विचारायचं कारणच नाही.

मोजणीचा खर्च कंपनी करत होती आणि सानिका ज्या पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, त्या प्रयोगशाळेला हे काम मिळालं होतं. सानिका सोलापूरची असल्यामुळे साहेबांना वाटलं, राहण्याचा खर्च वाचेल.

*

सानिकाचं सासर माहेराला लागूनच, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत होतं. नवरा वेणुगोपाल गड्डम, सासू अंबुबाई. सासरे नरसय्या त्याच उन्हाळ्यात यंत्रमागापुढे कोसळले होते. त्यांची चिंच सावलीवनात थिटेंच्या कडुनिंबापासून हाकेच्या अंतरावर होती. दर रविवारी शालनबाई आणि अंबुबाई, दोघी विहिणी, एकाच रिक्षाने तिथे जात. एक कडुनिंबाला पाणी घालायची, दुसरी चिंचेला, मग दोघी मिळून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन परत येत. विहिणी-विहिणींचं इतकं पटतं कसं, असा गल्लीत प्रश्न होता.

नरसय्यांच्या चिंचेखाली नाडीने अवशेष सिद्ध केले. पूर्व भागात त्या आठवड्यात घराघरांत 'आढळले' आलं आणि काहींनी तर पेढे वाटले. मेलेलं माणूस सापडल्याचे पेढे! पण त्यांना हसण्यासारखं काही नव्हतं. कंपनीने प्रत्येक वारसाला संकुलात एक गाळा आणि झाड हलवून नेण्यासाठी मागच्या कोपऱ्यात जागा देऊ केली होती. भाड्याच्या टपरीत टॉवेल-चादरी विकणाऱ्या वेणूसारख्या माणसाला स्वतःच्या गाळ्याचं केवढं अप्रूप!

"आपलं नशीब उघडलं," वेणू जेवताना म्हणाला. "अम्माची सही झाली की झालं. बाकी सगळ्यांनी दिल्यात."

अंबुबाई ताटातला भात कालवत राहिल्या. त्या एकंदरीतच कमी बोलत. तरुणपणी विड्या वळताना बोलत बसलं तर विडी सैल व्हायची, तेव्हाची ती सवय.

"आणि माझ्या आईचं काय?" सानिका म्हणाली.

"तुझ्या आईला मी काय नको म्हणायलोय का? पण तुझ्याच यंत्रानं सांगितलंय ना, तिथं कायच न्हाई म्हणून. मी काय करू?"

सानिका ताट उचलून मोरीत गेली. शालनबाईंनी पुढच्या रविवारी रिक्षा बोलावली नाही. अंबुबाई एकट्याच गेल्या आणि लवकर परतल्या. गल्लीत थिटे, मस्के, कांबळे या घरांशी गड्डम, बोद्दुल, यलगंटी या घरांचं बोलणं तुटक होऊ लागलं. त्यांचं सापडलं, आपलं कसं नाही? आमच्या लोकांनी निष्काळजीपणा केला, असं एकजण म्हणाला. तुम्ही खड्ड्यात राख घातलीच नसेल, नुसती झाडं लावली, असं दुसरीकडून आलं. शेजाऱ्यांत पिढ्यान्पिढ्या असं कधी झालं नव्हतं, आणि कंपनीला यासाठी बोटही उचलावं लागलं नव्हतं.

*

व्यंकटेश चिट्याल नावाचा रंगारी एका सकाळी सानिकाला वनातच गाठून उभा राहिला. त्याच्या हातात दोन अहवाल होते.

"ताई, माझा बाप सापडला," तो म्हणाला. "पोरगी न्हाई सापडली."

"कुठली झाडं?"

"हे दोन करंज. शेजारी-शेजारी. बाप आणि लेक एकाच दिवशी गेले. दोन्ही खड्डे मी खणले, दोन्ही मडकी मी रिकामी केली. श्रावणी सात वर्षांची होती. राख एवढीशीच होती, पण होती की. माझ्या हातानं घातलीय. ती कुठं गेली?"

राख थोडी म्हणून खूणही कमी, असं सानिका म्हणणार होती. तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य तिने गिळलं, कारण तिला स्वतःलाच ते पटलं नाही. सात वर्षांच्या मुलीच्या दातांत सगळं ताजंच असणार.

"तुमचे वडील कुठले?"

"जनगाव. तिकडनं आलेले."

"आणि श्रावणी?"

"ती इथलीच. आमच्याच गल्लीत जन्मली."

सानिका तिथेच जमिनीवर बसली आणि सगळ्या मोजण्या उघडल्या. आढळले: जनगाव, सिद्दिपेट, करीमनगर, सिरसिल्ला. मधेच एक परब मास्तर, ते सावंतवाडीचे, तिथलाही खडक जुना. आढळले नाहीत: थिटे, मस्के, कांबळे, मोहोळचे, बार्शीचे, अक्कलकोटचे. आणि पूर्व भागातल्या घरांतली जी माणसं सोलापुरात जन्मली, तीही सगळी याच बाजूला.

तिचे बाबा महादेव थिटे शहर बसचे कंडक्टर होते. ज्वारी मंगळवेढ्याची, पाणी उजनीचं, आणि जन्मात अक्कलकोटच्या पलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांची हाडं ज्या काळ्या मातीने घडवली, त्याच काळ्या मातीत ती परत गेली होती. नाडी वेगळेपण शोधते. त्यांच्यात वेगळं असं काही नव्हतंच. यंत्र 'माणूस नाही' म्हणत होतं, पण त्याला म्हणायचं होतं, 'मातीपासून निराळा काढता येत नाही.' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि कायद्याने तो कुठेच मानला नव्हता.

"श्रावणी आहे," ती व्यंकटेशला म्हणाली. "ती इथेच आहे. यंत्राला दिसत नाही एवढंच."

व्यंकटेशने अहवाल घडी करून खिशात ठेवले. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्याला लाज वाटली नाही.

*

कंपनीचे अधिकारी दफ्तरदार गोड बोलणारे गृहस्थ होते. चहा मागवल्याशिवाय ते कुणाला काही सांगत नसत.

"सानिकाताई, हे आम्हाला ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. "नाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण कायद्यात काय लिहिलंय? 'यंत्राने सिद्ध झालेले.' सिद्ध होऊ शकले नाहीत त्यांचं काय, ते कायदा सांगत नाही. आपण कायद्याच्या बाहेर आहोत का?"

"तुम्ही मुद्दाम हे यंत्र निवडलंत."

"सरकारमान्य यंत्रांपैकी एक निवडलं." त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली. "तुमच्या वडिलांचं झाड आम्ही सौजन्य म्हणून हलवू. कोपऱ्यात एक जागा शिल्लक आहे. तुमच्या सासरी गाळाही येतोय. सुनावणी चार दिवसांवर आहे, घरात बोलून घ्या."

ती निघताना ते पुन्हा म्हणाले, "तुमच्या सहीचे अहवाल आहेत सगळे. तेच खोटे म्हणायला उभ्या राहिलात, तर तुमची प्रयोगशाळा काय म्हणेल, याचाही विचार करा."

घरी तिने वेणूला सगळं सांगितलं. वेणू वाईट माणूस नव्हता. त्याला जे सुचलं ते त्याने अगदी मनापासून सांगितलं.

"ओटा करणाऱ्यांकडं ग्रॅनाइटची भुकटी पडलेली असती. चिमूटभर टाक की नमुन्यात. तुझे बाबा पण सापडतील, आई पण खूश, गाळा पण राहील."

सानिका एक अख्खी दुपार त्या चिमटीचा विचार करत बसली. खोटं बोलू नये वगैरे गोष्टी तिला फार अडवत नव्हत्या. तिला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. बाबांना सापडवायचं तर त्यांना आधी कुठल्यातरी दुसऱ्या गावचं करावं लागणार होतं. आणि मग श्रावणीलाही. आणि मस्केंच्या आजीलाही.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. शालनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आई, तुझी ती दुखरी दाढ काढायची राहिलीय ना? आज काढू या. मला ती हवीय."

"तुझ्या यंत्राला मी अजून काय काय द्यायचं गं?" शालनबाई म्हणाल्या. मग तिचा चेहरा बघून त्या उठल्या आणि पदर सावरून चपला शोधू लागल्या.

*

सुनावणी एका मंगल कार्यालयात होती. स्मृतिभूमी समितीचे अध्यक्ष मोहोळकर निवृत्त न्यायाधीश होते, खोकला झालेले, पण ऐकून घेणारे. पुढच्या रांगांत वारस बसले होते. मागे, खुर्च्या संपल्यावर भिंतीला टेकून, ज्यांच्या झाडाखाली काही सापडलं नव्हतं ते लोक उभे होते. सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या, जणू कुणाच्या लग्नाला आले होते.

सानिकाने नाडी टेबलावर ठेवली. तिने सगळ्यांदेखत वनातल्या मातीचा नमुना आधी दिला, मग प्लास्टिकच्या डबीतली दाढ काढली.

"ही माझ्या आईची दाढ आहे. दोन दिवसांपूर्वी डॉ. जमादारांनी काढली, त्यांची चिठ्ठी सोबत आहे. माझी आई ही समोर उभी आहे, जन्मापासून सोलापुरातलीच."

ठिणगी दाढेवरून सरकली. मोहोळकर स्वतः पुढे वाकून पडदा वाचू लागले आणि वाचताना थांबले.

"मोठ्याने वाचा साहेब," सानिका म्हणाली.

"मानवी अवशेष आढळले नाहीत."

मागून एक-दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. शालनबाईंनी गालावर हात ठेवला होता, दाढेची जागा अजून सुजलेली होती.

"मग मी कोण म्हणायची, साहेब?" त्यांनी विचारलं.

मोहोळकर हसले नाहीत. सानिकाने जनगाव आणि सोलापूर, ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट, आजोबा आणि नात, सगळं समजावून सांगितलं. आपल्या सहीचे 'नाही'चे सगळे अहवाल चुकीच्या अर्थाने वापरले जात आहेत, हेही सांगितलं. ते सांगताना टेबलावर ठेवलेला तिचा फोन दोनदा उजळला. पुण्याच्या साहेबांचं नाव होतं. तिने तो पालथा केला.

दफ्तरदार उठले. "आम्ही ताईंच्या भावनांचा आदर करतो. पण आज इथे यंत्राची परीक्षा नाही. कायद्याप्रमाणे वारसांच्या संमत्या मोजायच्या आहेत."

मोहोळकर बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही दाखवलंत ते मला पटलं. मी तसा शेरा लिहीन आणि सरकारकडे पाठवीन. पण कायदा बदलण्याचा अधिकार मला नाही. आज जे वारस आहेत, ते आहेत. बाकीच्यांचं म्हणणं मी मोजू शकत नाही."

सानिकाने दाढ परत डबीत ठेवली. खरं सिद्ध झालं होतं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही उपयोग शून्य. मागे उभे असलेल्यांत कुणीतरी हुंदका दिला. तिची आई खालमानेने उभी होती.

"सर्व वारसांच्या संमत्या आलेल्या आहेत," मोहोळकरांनी वाचलं. "एक सोडून. अंबुबाई नरसय्या गड्डम."

वेणूने आईला हाताला धरून टेबलापर्यंत आणलं. कुठे सही करायची तिथे त्याने बोट ठेवलं. अंबुबाईंनी पेन घेतलं नाही. त्या सुनेकडे वळल्या.

"हे यंत्र काय बघतं ते मला परत सांग."

"माणूस लहानपणी कुठल्या दगडावर वाढला, ते."

"म्हणजे आमचे ते सापडले, ते तिकडचे म्हणून?"

"हो, अत्तम्मा."

"आणि तुझे बाबा न्हाई सापडले, ते इथले म्हणून?"

"हो."

वेणू आईच्या कानाशी झुकला आणि घरातल्यासारखं तेलुगूत हळूच काहीतरी बोलला. गाळ्याचं बोलला असणार, कारण त्याचा आवाज विनवणीचा होता. अंबुबाईंनी त्याला उत्तर दिलं ते मराठीत, आणि शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं.

"चाळीस वर्षं माग चालवला त्यांनी ह्या गावात. तिकडं लग्नाला गेलं की लोक म्हणायचे, सोलापूरवाले आले. इथं म्हणायचे, तेलुगू लोक. ते हसायचे, मला राग यायचा. ते गेले तेव्हा तुझे काका आले होते रक्षा न्यायला. गोदावरीला नेतो, तिकडं पाणी हाय म्हणाले. तू होतास की तिथं. मी काय म्हणाले, सांग सगळ्यांना."

वेणूने कागदावरचं बोट काढून घेतलं.

"मी म्हणाले, ह्या माणसाचं गाव सोलापूर हाय. पाणी नसलं तर नसू दे." त्यांचा श्वास लागला होता. "आता हे यंत्र म्हणतंय, हा माणूस बाहेरचा हाय, म्हणून तुम्हाला गाळा. मी सही केली म्हणजे मी पण तेच म्हणाले. माझ्या माणसाला मी माझ्या हातानं परका लिहून देऊ?"

दफ्तरदारांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मोहोळकरांनी हात वर केला.

"माझी सही न्हाई," अंबुबाई म्हणाल्या. "आणि साहेब, त्यांच्या नावापुढं पण तेच लिहा, जे थिटेंच्या नावापुढं लिहिलंय."

"तसं मला लिहिता येत नाही, बाई. ते सापडलेत."

"मग काय लिहायचं ते लिहा. सही न्हाई."

वारसांच्या रांगेतून व्यंकटेश चिट्याल उठून पुढे आला. "माझी संमती परत द्या," तो म्हणाला. आता तिची गरज नव्हती, एक नकार पुरेसा होता, पण तो हात पुढे करून उभाच राहिला. त्याच्यामागे आणखी दोघं उठले.

मोहोळकरांनी गड्डम यांच्या नावापुढे 'संमती नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि सुनावणी संपल्याचं जाहीर केलं. सावलीवन राहिलं. सानिकाने फोन सरळ केला, प्रयोगशाळेचा निरोप वाचला. उद्यापासून येऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. तिने तो बंद करून पर्समध्ये टाकला आणि नाडीचं झाकण लावलं.

शालनबाई विहिणीपर्यंत आल्या. शालनबाईंनी नुसता अंबुबाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी तशाच दाराकडे चालू लागल्या.

वेणू केव्हाच बाहेर पडला होता. सानिकाला वाटलं, तो रागाने निघून गेला असेल, आणि तिला त्याचा रागही कळत होता. पण तो दाराबाहेर, चपलांच्या त्या ढिगाऱ्यात, ओणवा होऊन शोधत होता. आधी त्याने आईच्या चपला काढल्या, मग सासूच्या. दोन्ही जोड हाताने झटकून त्याने दोघी म्हाताऱ्यांच्या पायांपुढे सरळ लावून ठेवले.